सॅल्मन हॅचरी: नदीत जन्मलेल्या माशाच्या बाजूने एक परीक्षण

वॉशिंग्टन राज्यातील इसाक्वा येथे ओढ्याकाठी १९३६ पासून सॅल्मनची हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिल्ले वाढवणारे व नदीत सोडणारे केंद्र, आहे. सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. शरद ऋतूत तेथील माशांच्या शिडीशेजारच्या (माशांना वर चढता यावे म्हणून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या पाटाशेजारच्या) काचेपुढे मी तासभर उभा होतो. हातभर लांबीचे चिनूक आणि कोहो या जातींचे सॅल्मन प्रवाहाविरुद्ध अंग झोकून देत वर सरकत होते. अनेकांच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे असणारा छोटा मांसल पर नव्हता. हॅचरीतला मासा पुढे ओळखता यावा म्हणून तो बोटुकली असतानाच हा पर छाटला जातो. या परीक्षणाचा सगळा भर त्या छाटलेल्या परावर आहे, कारण तो नसता तर नदीत जन्मलेले मासे नेमके किती उरले आहेत हे सांगणेच अवघड झाले असते.

पिल्ले तयार करण्याच्या कामात हॅचरी वाकबगार आहे, यात शंका नाही. मादीची नारिंगी गाबोळी बादलीत घेऊन त्यावर नराचे वीर्य मिसळले, की नदीतल्या गाळाखाली आणि पुरात जी अंडी वाया गेली असती त्यांतील बहुतेकांतून येथे पिल्ले बाहेर पडतात. वायव्य अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या खोऱ्यात धरणांनी नदी अडवल्यावर भरपाई म्हणून अशी केंद्रे उभी राहिली, आणि मासेमारीला मासा पुरवण्याचे काम त्यांनी केले. नदीतली मूळ जात टिकवणे हे मात्र त्याहून वेगळे काम आहे.

हौदात वाढणाऱ्या पिलाला शिकाऱ्यापासून लपावे लागत नाही, वरून पडणाऱ्या खाद्याकडे धावणारे पिल्लू तेथे लवकर वाढते, आणि जोडीदाराची निवड मासा करत नाही, कर्मचारी करतात. याचा परिणाम पुढच्या पिढीत उतरतो. ओरेगनमधील हूड नदीतील स्टीलहेड या सॅल्मनच्या कुळातील माशांवरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिस्त वाढीच्या प्रत्येक पिढीमागे माशांची निसर्गात प्रजा निर्माण करण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. असे मासे परत येऊन नदीतल्या माशांशी जोडी जमवतात, तेव्हा ही उणीव नदीतल्या वंशातही शिरते.

म्हणून अमेरिकी काँग्रेसच्या पुढाकाराने २००० साली सुरू झालेल्या हॅचरी सुधारणेतील शास्त्रज्ञांचे निकष मला मोलाचे वाटतात. हॅचरीचा प्रजनक साठा (ज्यांची अंडी व वीर्य घेतले जाते ते मासे) नदीपासून वेगळा ठेवला असेल, तर महत्त्वाच्या नैसर्गिक समूहात अंडी घालणाऱ्या माशांपैकी हॅचरीचे मासे ५ टक्क्यांपेक्षा कमी असावेत, असे ते सांगतात. आयडाहोतील जॉन्सन क्रीकवर नेझ पर्स या मूळनिवासी जमातीने दुसरा मार्ग धरला. तेथे प्रजननासाठी नदीत जन्मलेलेच चिनूक घेतले जातात, आणि अशा हॅचरी माशांनी नदीतल्या माशांशी जोडी जमवल्यावर प्रजा घटल्याचे अभ्यासात दिसले नाही. प्रजनक कोठून आणले, एवढ्या एका गोष्टीने इतका फरक पडतो!

माझा सर्वात मनापासूनचा पाठिंबा आयडाहोतीलच रेडफिश सरोवराच्या कार्यक्रमाला आहे. स्नेक नदीचा सॉकाय हा सॅल्मन १९९१ मध्ये संकटग्रस्त घोषित झाला आणि १९९२ मध्ये समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर अंतर कापून, आठ धरणे ओलांडून एकच नर परतला. उरलेला वंश हॅचरीत जपला गेला नसता तर तो तेथेच संपला असता. २०१४ मध्ये दीड हजारांहून अधिक सॉकाय परतले. मात्र पुढच्याच उन्हाळ्यात नदीचे पाणी तापले आणि परतीला निघालेले बहुतेक मासे वाटेतच मेले.

हॅचरीची ओळख करून देताना किती लाख पिल्ले सोडली हा आकडा पुढे केला जातो, ही माझी खरी तक्रार आहे. त्या आकड्याशेजारी नदीत जन्मून परतलेल्या माशांची संख्या, अंडी घालणाऱ्यांतील हॅचरी माशांचे प्रमाण आणि नदीच्या पाण्यासाठी व अडथळ्यांसाठी काय केले जाणार आहे, हेही छापलेले असावे. ही माहिती न देणाऱ्या कार्यक्रमाला मासेमारीच्या नावाने पैसा जरूर मिळावा, पण संवर्धनाच्या नावाने मिळू नये.