पत्र्यासारखा आवाज आणि ‘वकिास’: एनव्हीडीएचे आठ महिने

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकास कराराचा मसुदा मागच्या पंधरवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आला. 46 पानांची पीडीएफ. लॅपटॉपवर उघडली, कॅप्सलॉक धरून ए दाबलं, आणि एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वाचायला लागलं: एल, कंस, यू, स्लॅश, डी, परत कंस. मी भाच्याला हाक मारली. त्यानं पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, “मावशी, स्वच्छ मराठी आहे की!” दिसायला मराठी, आत मात्र मराठीचं एक अक्षर नाही. त्या संतापातच लिहायला बसले आहे. पण सगळं पहिल्यापासून सांगते, नाहीतर एका चांगल्या वस्तूवर अन्याय होईल.

मी सत्तावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. तीन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग बिघडत चालल्याचं निदान झालं. कडेचं दिसतं, मधलं पुसट. म्हणजे दाराची चौकट दिसते, पण दारात उभ्या माणसाचा चेहरा दिसत नाही. वाचायला लागतो तो नेमका मधलाच भाग.

आधी विंडोजचं मॅग्निफायर वापरलं. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, पण ओळ पडद्याबाहेर जाते. उजवीकडे सरकत ओळ संपवायची, मग डावीकडे येऊन पुढची शोधायची, आणि ती सापडेपर्यंत आधीचं वाक्य विसरलेलं. त्यापेक्षा फायरफॉक्समधला वाचन-दृश्याचा पर्याय बरा. एफ 9 दाबलं की जाहिराती जातात, काळ्यावर पांढरी मोठी अक्षरं येतात आणि ओळ पडद्यात मावते. ज्यांना थोडंफार दिसतं त्यांनी सुरुवात इथूनच करावी. मला मात्र दोन लेख झाले की डोळ्यांतून पाणी यायचं.

म्हणून एनव्हीडीए. फुकट आहे हे पहिलं कारण, लपवत नाही. 2006 साली मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं ते लिहायला घेतलं. पुढे जेम्स तेह हा त्याचा मित्र सोबत आला, तोही अंध. स्वतःला लागणारी गोष्ट स्वतः घडवली आणि जगाला फुकट दिली. ते मराठीतही बोलतं.

पहिले तीन महिने मी त्याच्यावर नाराज होते, कारण आवाज. एनव्हीडीएसोबत येणारा, ईस्पीक या सॉफ्टवेअरचा आवाज माणसाचं बोलणं ध्वनिमुद्रित करून जोडलेला नसतो, गणितानं तयार केलेला असतो. रिकाम्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं, तसा लागतो. पहिल्या संध्याकाळी माझं डोकं दुखलं. शेवटी 2,400 रुपये मोजून एक गोड मराठी आवाज विकत घेतला. निवृत्तीनंतर असा खर्च करताना माझा हात थरथरतो.

तो आवाज दोन आठवडे टिकला. ‘जरा थांब’मधला जरा तो म्हातारपणाच्या जरेसारखा म्हणायचा. चूल, चाक, चांदणं, सगळ्यांचा च ‘चार’मधल्या चसारखा. ‘माझा’ म्हणताना तर परका माणूस घरात आल्यासारखं वाटायचं. तेही चालवून घेतलं असतं, पण वेग वाढवला की त्याचे शब्द एकमेकांत मिसळायचे. उलट त्या डब्यातल्या आवाजाचा वेग कितीही वाढवा, प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येतं. मी 25 वर सुरू केलं होतं, आज 60 वर ऐकते. दहा मिनिटांचा अग्रलेख चार मिनिटांत होतो, आणि काही सुटत नाही. पैसे गेले ते गेले. आवाजाबद्दलचं माझं मत चौथ्या महिन्यात पूर्ण बदललं.

त्याच सुमारास एक गोष्ट घडली. जुन्या ओळखीच्या एकांनी त्यांच्या पुस्तकाचं शेवटचं वाचन मला दिलं, मी नको म्हणत असताना. चार माणसांनी तपासलेल्या त्या मजकुरात मला कानानं अकरा जागी शब्द दोनदा पडलेला सापडला. ‘आणि आणि’, ‘होते होते’. डोळा असे शब्द ओलांडून जातो, कान अडखळतो. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कानाला कळत नाही, ‘कवि’ आणि ‘कवी’ सारखेच. तिथे बाणाच्या कळीनं एकेक अक्षर ऐकावं लागतं. वेळ जातो, पण काम होतं. त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

आता त्या पीडीएफकडे येते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत, सर्रास होण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, त्यांवर फक्त मराठी आकार चढवलेले. पडद्यावर मराठी, कागदावर मराठी. वाचक-सॉफ्टवेअर आकार बघत नाही, आतला संकेत वाचतं. त्याला एल आणि कंसच मिळणार. युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 पासून स्वतःची जागा आहे, आणि तरी आज, नव्यानं टाइप केलेला मसुदा असा येतो! डीटीपीवाल्याचा हात जुन्या कळफलकावर बसलेला आहे, एवढंच कारण. हे मी अधिकारानं सांगते, कारण अशाच फॉन्टमधली हजारो पानं मी स्वतः तपासून छपाईला दिली आहेत. त्यांतली एकही फाइल आज मला वाचता येत नाही.

मसुदा बनवणाऱ्यांना विनंती केली, तेव्हा त्यांनी फाइल परिवर्तकातून, म्हणजे जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढून पाठवली. आता एनव्हीडीए मराठी शब्द म्हणायला लागलं, पण कसले! ‘पुनर्वकिास’. ‘रहविासी’. ‘वषर्’. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. परिवर्तकानं त्या योग्य जागी नेल्या नाहीत की असं होतं. डोळस माणूस ‘वकिास’ बघून विकास समजून घेतो. कानाला ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. भाच्यानं पानांची चित्रं करून टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरनं ओसीआरही, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं, करून पाहिलं, तेही फुकट आणि मराठी जाणणारं. मजकूर चांगला निघाला, पण क्षेत्रफळाच्या तक्त्यात कुणाचा आकडा कुणाच्या नावापुढे गेला.

ही काही माझ्या एकटीची हौस नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याच्या, प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ज्या घरात मी राहते त्याचा करार मला स्वतःला वाचता यायला हवा, सही करा म्हणून बोट दाखवलेल्या जागी सही करायची नाही.

पाच संध्याकाळी बसून ओसीआरची प्रत आणि परिवर्तकाची प्रत शेजारी ठेवून सगळा मसुदा कानानं दुरुस्त केला. एकतिसाव्या पानावर थांबले. बांधकाम होईपर्यंतच्या भाड्याची मुदत अंकी 24 महिने, अक्षरी अठरा महिने. ते कलम तीनदा ऐकलं. मग भाच्याला मूळ पीडीएफ उघडायला लावली, तिथेही तेच. सोसायटीतल्या डोळस मंडळींपैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

सचिवांना लेखी कळवलं आहे. दुरुस्त मसुदा येणार आहे, तो युनिकोडमध्येच हवा असं त्याच पत्रात लिहिलं आहे. पोच घेतली आहे.