आईच्या बोटांवरचा ईसीजी: सात महिने वापरल्यावर

आईला अधूनमधून धडधडायचं आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं शांत. दोनदा ईसीजी काढला, दोन्ही वेळा नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका" हे ऐकून ती धडधडलं तरी सांगेनाशी झाली. म्हणून दिवाळीत हे खिशात मावणारं ईसीजी यंत्र घेतलं, साडेसहा हजारांना.

दोन पट्ट्यांवर दोन्ही हातांची बोटं ठेवायची, तीस सेकंद हलायचं नाही. पहिले पंधरा दिवस "सिग्नल खराब" याखेरीज काही दिसलं नाही. भांडी घासून आईची बोटं कोरडी, भेगाळलेली. हृदयाची वीज कातडीपर्यंत येते ती जेमतेम एक मिलिव्होल्ट; ती अशा बोटांतून काय पोहोचणार? मग ओल्या फडक्याने बोटं पुसायची आणि कोपरं टेबलावर टेकवायची सवय लावली. मोबाइल चार्जिंगला असला की ईसीजीच्या रेघेला करवतीसारखे दाते येतात, तेव्हा तोही काढायचा. आणि बोलायचं नाही, जे आईला सगळ्यांत जड गेलं. (विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये ईसीजीचे जनक आइंटहोवेन यांच्या यंत्रासाठी हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे. त्यापुढे ओलं फडकं काहीच नाही.)

फेब्रुवारीत एकदा पहाटे पाचला तिने हाक मारली. त्या वेळच्या आलेखात उंच टोकं कुठे चिकटून, कुठे लांब लांब, आणि प्रत्येक टोकाआधी दिसणारा छोटा उंचवटा गायब. यंत्र म्हणालं, एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाची लय अनियमित होण्याची, शक्यता. पीडीएफ डॉक्टरांना पाठवली. त्यांनी यंत्राच्या शेऱ्यावर विसंबून न राहता आलेख स्वतः पाहिला, होल्टर (अंगावर बाळगायचं, सलग ईसीजी नोंदवणारं यंत्र) लावला आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. या लयीत हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. पैसे तिथेच वसूल.

पण एप्रिलमध्ये बाबांच्या छातीत जळजळलं. यंत्राने "नॉर्मल" दाखवलं आणि बाबा लगेच, "बघ, मशीनच सांगतंय!" अर्धा तास त्यात घालवला, ही माझी चूक. निघालं पित्तच, पण डॉक्टरांनी झापलं ते बरोबर झापलं. हे यंत्र दोन हातांमधली एकच लीड, म्हणजे हृदयाची वीज एकाच बाजूने, बघतं, दवाखान्यात दहा इलेक्ट्रोड लावून बारा लीड काढतात. हार्ट अटॅक यात दिसेलच असं नाही. छातीत दुखलं तर याला हातसुद्धा लावू नका, थेट दवाखाना गाठा.

राग एकाच गोष्टीचा. तीन महिन्यांनंतर जुने आलेख पाहायला वार्षिक वर्गणी मागतात, आणि खोक्यावर त्याचा उल्लेखही नाही. तेव्हापासून प्रत्येक पीडीएफ त्याच दिवशी उतरवून घेतो. आई मात्र दुधाच्या हिशोबाशेजारी कालनिर्णयवर तारीख, वेळ आणि "धडधड" एवढंच लिहिते. डॉक्टर आधी तेच मागतात.