सदाशिव पेठेतला शनिवारचा कट्टा: दहा महिने बसून झालेलं मत

वापर: २०२५च्या फेब्रुवारीपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, महिन्यातले दोन शनिवार, संध्याकाळी पाच ते आठ. बैठका १९ झाल्या, त्यांतल्या ३ मी चुकवल्या. खर्च दर खेपेला ३० रुपये, चहा आणि बाकरवडीचे. जागा एका जुन्या वाड्याची माडी. जिना अरुंद, पंखा एकच आणि तो सगळ्यात जास्त बोलतो.

मिक्सर घ्यायचा तर आपण चार जणींना विचारतो, पण सुट्टीच्या दिवसाचे तीन तास कुठे घालवायचे हे कुणालाच विचारत नाही. म्हणून मिक्सरबद्दल लिहावं तसंच लिहितेय.

प्रकार साधा आहे. पंधरा-सोळा माणसं गोल बसतात आणि एका विषयावर बोलतात. वक्ता नाही, हारतुरे नाहीत, अध्यक्षीय समारोप तर नाहीच नाही. ऐकायला जाण्याची सवय पुण्याला जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, आणि उन्हाळ्यात तिला जाणारी माणसं अजून आहेत. मीही जाते. पण तिथे एक बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि आपल्याला डुलकी लागली तरी वक्त्याचं काही बिघडत नाही. इथे डुलकी लागली तर शेजारच्या मावशी कोपराने ढोसतात.

पहिले दोन महिने, खरं सांगते, पैसे वाया गेले असंच वाटलं. मार्चमधला एक विषय होता, मराठी शाळा टिकतील का? अडीच तास चालला. सगळे तावातावाने बोलले, मीही बोलले. मातृभाषेतलं शिक्षण, पालकांचा न्यूनगंड, सरकारची अनास्था, कॉर्पोरेट जग. जे बोललं गेलं त्यातलं काहीही खोटं नव्हतं आणि काहीही नवीन नव्हतं. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, काय ठरलं? मी म्हटलं, ठरायचं काय, चर्चा झाली.

त्या संध्याकाळचं एकच वाक्य लक्षात राहिलं, तेही विषयाबाहेरचं. आमच्यात संस्कृत शिकवलेल्या एक निवृत्त बाई आहेत. जिना उतरताना त्या म्हणाल्या, न्यायशास्त्रात बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची फक्त पाडायला करतात ती वितंडा. "आज आपण चौथा केला. सगळ्यांची बाजू एकच आणि तरी सगळ्यांचा आवाज चढलेला."

एप्रिलमध्ये माडीच्या मालकांनी, आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो, मधोमध बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला. यापुढे विषय सुचवायचा नाही, म्हणाले. ज्याचं काही अडलं असेल त्याने ते चिठ्ठीवर एका वाक्यात लिहून डब्यात टाकायचं. आपलं स्वतःचं, देशाचं नाही. पंधरा दिवस आधी एक चिठ्ठी निघेल आणि पुढच्या बैठकीत तेवढ्यावरच बोलायचं. मला हे आवडलं नव्हतं. "म्हणजे सल्ला केंद्र काढायचं का?" असं मी बोलूनही दाखवलं. आजोबा म्हणाले, बघू.

मे महिन्यात चिठ्ठी निघाली ती एका तरुण जोडप्याची. दोघं धाकट्या पातीतली, कट्ट्यावर तिशीच्या आतबाहेरची एवढीच. 'मुलीला मराठी माध्यमात घालायचं की इंग्रजी, जूनच्या आत ठरवायचंय.' म्हणजे विषय मार्चमधलाच! पण या वेळी अनास्था नि न्यूनगंड यांचं नाव कुणी काढलं नाही. समोर दोन माणसं वही उघडून बसलेली असताना कसं काढणार? मराठी माध्यमातून अभियांत्रिकीला गेलेल्या एकाने सांगितलं की पहिल्या वर्षी त्याला गणित येत होतं, पण शिकवणारे काय म्हणतायत ते कळत नव्हतं. अंश-छेद पाठ, लसावि काढायचा हातखंडा. आणि सर म्हणायचे न्यूमरेटर, डिनॉमिनेटर. दिवाळीपर्यंत तो वर्गात मागे बसून नुसते शब्द उतरवून घ्यायचा. दिवाळीनंतर अडलं नाही. मग सेमी-इंग्रजीचं निघालं. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, हा मधला रस्ता ज्यांनी मुलांसाठी घेतला होता अशा दोघी निघाल्या. एकीला तो मानवला होता, एकीला नाही, आणि का नाही ते तिने मोकळेपणी सांगितलं. मार्चमध्ये या दोघीही माडीवर होत्या. तेव्हा एक शब्द बोलल्या नव्हत्या.

सगळ्यात शेवटी संस्कृतच्या बाईंनी विचारलं, "घरी अभ्यास कोण घेणार?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघंही हिंजवडीला जाणारे, परत यायला रात्रीचे आठ. दुपारभर मुलीजवळ आजी. आजी सातवी शिकलेली, गोष्टी सांगणारी, पाढे म्हणवून घेणारी, सगळं मराठीत. हे त्यांच्या हिशेबात कुठे धरलेलंच नव्हतं. त्यांनी शेवटी काय ठरवलं ते सांगत नाही, त्यांचं त्यांना लखलाभ. मला तिथे एवढं कळलं की त्याच माणसांकडे मार्चमध्येही हे सगळं होतं. कुणाचं अडलेलं नव्हतं, म्हणून ते बाहेर निघालं नाही. आपलं मत सांगायला कुणाची गरज लागत नाही. आपल्या पोराची फजिती सांगायची तर समोर कुणीतरी गरजू लागतं.

आता गळतीची गोष्ट, जी मी ऑफिसात इतक्यांदा सांगितलीय की तिथे मला गळतीबाई म्हणतात. धायरीच्या एका मावशींची चिठ्ठी होती: 'स्वयंपाकघराच्या छतावर ओल येते, वरचे म्हणतात आमची नाही, सोसायटी म्हणते तुमचं तुम्ही बघा.' वर न्हाणीघर. दोन वर्षं बोलाचाली बंद. पहिली वीस मिनिटं ज्याने त्याने आपापल्या गळतीचं पुराण लावलं, ते होणारच. पण जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "हे पाहिलंय की ऐकलंय?" त्यांनी मावशींना विचारलं, डाग वाढतो कधी? सकाळी वरच्यांच्या आंघोळी झाल्यावर, की दिवसभर सारखाच असतो, की पाऊस लागला की? मावशी म्हणाल्या, "ओला असतो एवढं माहितीय." काका म्हणाले, मग अजून भांडायची वेळ आलेली नाही. सतत सारखी ओल असेल तर नळाची लाइन बघायची, ती कायम भरलेली असते. वापरानंतर वाढत असेल तर नहाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीतल्या जाळीखालचं भांडं, नि सांडपाण्याचा पाइप. फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत. मावशींनी पेन्सिलीने डागाची कड आखायची, शेजारी तारीख-वेळ टाकायची, आणि वहीत लिहायचं.

पंधरा दिवसांनी मावशी वही घेऊन आल्या. शंभर पानी, वर 'गळती' असं लिहिलेलं. छताचे फोटोही होते: एकात एक पाच रेघा, समोच्चरेषांच्या नकाशासारख्या. मधे पाच दिवस उघडीप होती. त्या पाच दिवसांत वरच्यांच्या आंघोळी रोज चालू होत्या आणि डाग आतल्या रेघेपर्यंत सुकत गेला होता. पाऊस सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो बाहेरच्या रेघेवर. वही गोल फिरली, सगळ्यांनी पाहिली, कुणी काही बोलेना. मग एकाने सोसायटीच्या आदर्श उपविधींची प्रत काढली. संडास, सिंक वगैरेंची घरातली गळती सदनिकाधारकाने आपल्या खर्चाने काढायची, पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने, असं त्यात स्पष्ट आहे. मावशींनी वहीच्या झेरॉक्स जोडून अर्ज दिला. पावसाळा संपल्यावर बाहेरच्या भिंतीच्या भेगा भरल्या गेल्या. त्याआधी, गणपतीत, मावशी उकडीचे मोदक घेऊन वरच्या मजल्यावर जाऊन आल्या. दोन वर्षांनी.

हे सगळं ऐकायला मजा आली कारण मावशी परत आल्या. हा भाग लोक विसरतात. डॉक्टर सुचवा, मुलाला शाखा सुचवा, असं विचारणारे पुष्कळ असतात. पुढे काय झालं ते सांगायला येणारा शंभरात एखादा. इथे डब्यात चिठ्ठी टाकली की परत येऊन सांगायचं हा दंडकच आहे, नाही आलात तर आजोबा फोन करतात.

माझी स्वतःची एक फजिती. मी कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे पैशाचा विषय निघाला की मान माझ्याकडे वळते आणि मला ते आवडतं. ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींच्या व्याजावर बँक कर कापते त्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून पन्नास हजारांवरून एक लाखावर गेली, हे मी सांगितलं, ते बरोबर होतं. त्याच दमात व्याजावरची वजावटही एक लाख झाली असं ठोकून दिलं. ती पन्नास हजारच आहे, तीही जुन्या करप्रणालीत. रात्री भांडी लावताना लक्षात आलं. पुढच्या शनिवारी आल्याआल्या उभं राहून चूक सांगितली, तोवर एका काकांनी ती बातमी मेहुण्यांपर्यंत पोचवलेली. "आता तुम्हीच त्यांना फोन करा," म्हणाले. केला. तेव्हापासून मी बोलण्याआधी जलसंपदाकाकांचा प्रश्न स्वतःलाच विचारते, आणि माझं बोलणं निम्म्यावर आलंय असं घरचे म्हणतात.

एका बैठकीने मात्र मला वाटलं की चिठ्ठीचं हे तत्त्व बिनकामाचं आहे. १२ जुलै हा पानशेतच्या पुराचा दिवस, आणि यंदा तो शनिवारीच आला. त्या दिवशी डबा बाजूला ठेवून आजोबांनी १९६१ सालची आठवण सांगितली. ते तेव्हा १४ वर्षांचे, आज ७८. कुणाचं काही अडलेलं नव्हतं आणि दीड तास कुणी हललं नाही. लकडी पूल पाण्याखाली गेला वगैरे आपण वाचलेलं असतं. आजोबांनी सांगितला तो पुरानंतरचा चिखल. तो घरात कमरेएवढा होता आणि त्यात हात घालून ते आईचं शिवणयंत्र शोधत होते. सापडलं ते चाक फिरेना, आणि आई रडली ती तेव्हा, घर पाहून नाही.

मग त्यांनी काकांकडे वळून विचारलं, "तुमच्या खात्याने आम्हाला आदल्या रात्री का नाही सांगितलं?" काकांचा तेव्हा जन्मही नव्हता. पण त्यांनी 'मी नव्हतो' असं म्हटलं नाही. धरणाचं काम पुरं व्हायच्या आत पाणी साठलं, पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट होतं, तिच्यावरचा भराव खचत गेला, हे त्यांनी सावकाश सांगितलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली म्हणून धरण सकाळपर्यंत तग धरून राहिलं आणि लोंढा शहरात दिवसाउजेडी आला, हेही सांगितलं. "रात्री आला असता तर आज तुम्ही मला हे विचारायला नसतात. पण तुमचा प्रश्न त्याने सुटत नाही, तो खात्याला लागूच आहे." आजोबा बराच वेळ पंख्याकडे बघत होते. ६४ वर्षांत हा प्रश्न खात्यातल्या माणसाला तोंडावर पहिल्यांदाच विचारला, असं ते नंतर जिन्यात म्हणाले. म्हणजे अडलेलं होतंच.

तोटे. दुचाकी लावायला जागा शोधण्यात वीस मिनिटं धरून निघा. एक गृहस्थ प्रत्येक गोष्ट 'आमच्या वेळी'वर नेतात, त्यांना थांबवायचं काम फक्त मावशींना जमतं. मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवायला बंदी आहे, तरी दर खेपेला एखादा वाचतोच. आणि अडलेला माणूस व निकाल मागायला आलेला माणूस यांत डब्याला फरक कळत नाही. सप्टेंबरमध्ये एकांची चिठ्ठी होती, भावाने वाटणीत फसवलं. त्यांना फक्त 'हो, फसवलं' ऐकायचं होतं. काकांनी विचारलं, भाऊ काय म्हणतो? ते तिथेच उठले. आजोबांचा फोनही घेतला नाही. त्या दिवशी बाकरवडी उरली, हे पहिल्यांदाच.

पाचपैकी चार तारे. अर्धा जिन्याचा कापला, अर्धा पंख्याचा. नेमका सल्ला हवा असेल तर वकिलाकडे किंवा डॉक्टरकडे जा, तिथे काम लवकर होईल. आपलं मत लोकांपर्यंत पोचवायचं असेल तरी येऊ नका, मार्चमध्ये आम्ही ते करून बघितलंय.

परवाच्या बैठकीत माझी चिठ्ठी निघाली. 'आई साताऱ्याला एकटी राहते, गुडघे गेलेत, पुण्याला यायचं नाही म्हणते.' तीनदा लिहून दोनदा फाडलेली. विषय पुढच्या खेपेचा, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. निघताना जिन्यात धायरीच्या मावशींनी पिशवीतून कोरी शंभर पानी वही काढून हातात दिली. "आई दिवसात कुणाकुणाशी बोलते, किती वाजता, ते लिहीत जा. तुझ्याशी सोडून."