दुधातलं पेनिसिलिन पकडणारी पट्टी: गावच्या संकलन केंद्रावर कितपत कामाची?

दगडी (कासदाह) झालेल्या गाईच्या सडात पेनिसिलिनची ट्यूब सोडली आणि तेच दूध कॅनमध्ये आलं, की अख्ख्या कॅनला विरजण लागत नाही. बीटा-लॅक्टम, म्हणजे पेनिसिलिन घराण्यातली औषधं, पकडणारी पट्टी हे आधीच दाखवते.

पेनिसिलियम बुरशीपासून मिळालेल्या पेनिसिलिनच्या रेणूत तीन कार्बन आणि एका नायट्रोजनचं ताणलेलं कडं असतं, तेच बीटा-लॅक्टम. ते उघडून जिवाणूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला कायमचं चिकटतं. किटमध्ये बहुधा तसंच प्रथिन असतं; औषध त्याला चिकटलं की चाचणीची रेघ फिकी पडते.

किटप्रमाणे थोडा फरक पडतो, पण साधारण रीत अशी: २०० मायक्रोलिटर दूध खाचेत, आठ-दहा वेळा ढवळायचं, ४० अंशांवर तीन ते पाच मिनिटं, मग पट्टी बुडवून तितकाच वेळ. चाचणीची रेघ नियंत्रण रेघेपेक्षा फिकी किंवा गायब असेल तर दूध बाजूला. नियंत्रण रेघच नसेल तर पट्टी बाद. पेनिसिलिनची कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानक) मर्यादा लिटरला फक्त ४ मायक्रोग्रॅम आहे, म्हणून अख्खा कॅन बाद व्हायला एक गाय पुरते.

खोट साठवणुकीत आहे. बहुतेक किट २ ते ८ अंशांत ठेवावे लागतात. इकडे मे महिन्यात पारा ४५ वर आणि लाईट गुल! डबी उघडी राहिली की ओल शिरते, रेघा पुसट येतात. फाटलेलं दूध पट्टीवर चढतच नाही.

कुणी पेनिसिलिनेज (पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम) मिसळलं तर कडं तुटतं आणि पट्टी फसते. टेट्रासायक्लिन हे दुसऱ्या घराण्यातलं औषध तर दिसतच नाही, त्याची पट्टी वेगळी. उकळून औषध जाईल हा भ्रम सोडा.

प्रत्येक कॅनला परवडणार नाही; टँकरला आणि संशयित कॅनला लावा.