रिंग लाइट, सात फुटी स्टँड आणि मान टाकणारा होल्डर : सात महिन्यांनंतर

पुण्याच्या तापकीर गल्लीत बाराशे रुपयांना घेतलेला दहा इंची रिंग लाइटचा संच. काम एकच, घरी सेल्फ टेप, म्हणजे ऑडिशनचा व्हिडिओ स्वतःच काढून मुंबईला पाठवणं. संचात काय काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थेट रिंगच्या मधोमध फोन धरणाऱ्या होल्डरवर येते.

सेल्फ टेपला फोन आडवा लागतो आणि आडवा लावला की हा होल्डर मान टाकतो. कारण साधं आहे. फोन साधारण १६ सेंटिमीटर लांब आणि लेन्स एका टोकाला, कडेपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर. लेन्स रिंगच्या मधोमध आणायची तर फोन त्या टोकाशी पकडावा लागतो आणि उरलेला सगळा भार एका बाजूला लोंबतो. कव्हरसकट सव्वादोनशे ग्रॅमचा हा भार पेलायला आत असतो बोराएवढा प्लॅस्टिकचा गोळा. फोन मधोमध पकडला तर होल्डर टिकतो, पण लेन्स सहा सेंटिमीटर बाजूला जाते आणि रिंगची कड फ्रेममध्ये डोकावते.

फोन धाडकन पडत नाही, म्हणून लवकर लक्षात येत नाही. टेक संपल्यावर व्हिडिओची पट्टी बोटाने झरझर पुढे ओढून पाहा. सुरुवातीला डोक्यावर दोन बोटं जागा असते, दोन मिनिटांच्या उताऱ्याच्या शेवटी केस वरच्या कडेला टेकलेले असतात आणि मागच्या दाराची चौकट कललेली असते. बघणाऱ्याला कारण कळत नाही, त्याला कलाकारच डळमळीत वाटतो. चांगला टेक अशा कारणाने वाया जावा याचा फार राग येतो.

होल्डरचा स्क्रू नाण्याने आवळू नका. आटे प्लॅस्टिकचे आहेत, चौथ्या महिन्यात ते गेले. बिलावर वॉरंटी सहा महिन्यांची, पण दुकानदाराचं म्हणणं, ‘वॉरंटी लाइटची, होल्डर ॲक्सेसरीत येतो.’ फोन धरणारा भागच वॉरंटीत नसेल तर ते बिलावर छापायला हवं होतं.

आटे शाबूत असतील तर एक उपाय चालतो. गोळा बाहेर काढून स्पिरिटने पुसा, कारण त्याला कारखान्यातलं ग्रीस असतं. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी खोबणीत घालून आवळा. महिना-दीड महिना निभावतं. पक्का उपाय म्हणजे पाव इंची स्क्रूचा धातूचा मोबाइल क्लॅम्प आणि फोनसाठी वेगळा ट्रायपॉड.

पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर ‘डोळे झाकून घ्या’ म्हटलं असतं, चौथ्या महिन्यात ‘हात लावू नका’. आता मत पुन्हा बदललंय, कारण फोन रिंगमधून बाहेर काढल्यावरच हा लाइट किती कामाचा आहे ते कळलं. फोन मध्ये असताना उजेड समोरून सपाट पडतो, नाकाची-गालाची ठेवण पुसली जाते आणि दोन्ही बुबुळांत पांढरी कडी दिसते. संवाद चालू असताना बघणाऱ्याची नजर त्या कडीवर जाते. तोच लाइट लेन्सच्या बाजूला ४५ अंशांवर, डोळ्यांपेक्षा फूटभर वर ठेवून खाली कलवला की चेहऱ्याला खोली येते. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर खुर्चीवर टाकली तर सावली मऊ होते. चष्मा असेल तर लाइट आणखी वर घ्या. क्यू देणारी, म्हणजे समोरच्या पात्राचे संवाद वाचणारी व्यक्ती लाइटच्याच बाजूला, लेन्सला खेटून आणि डोळ्यांच्या उंचीवर हवी. ती फोनच्या माइकजवळ असते, म्हणून तिने हळू वाचायचं.

उजेड कमी करायला लाइटच्या रिमोटची पायरी खाली आणू नका. खालच्या पायऱ्यांवर एलईडी वेगाने चालू-बंद होऊन मंद होतात आणि फोनवर आडवे पट्टे सरकताना दिसतात. लाइट पूर्ण ठेवा आणि स्टँड मागे न्या. खोलीतल्या ट्यूबलाइटचेही पट्टे येत असतील तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० करा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर हात हलला की चेहऱ्याचा रंग बदलतो. ब्यूटी फिल्टर बंद. मागचा मुख्य कॅमेरा वापरा आणि पाच-सहा फुटांवर उभे राहा. वाइड लेन्स जवळून नाक मोठं करते.

लांबून रेकॉर्डिंग सुरू करायचं संचातलं ब्लूटूथ बटण निरुपयोगी आहे. ते दाबताना हात दिसतो, शिवाय जोडणी सुटते. रेकॉर्डिंग आधी सुरू करून नंतर पुढचा-मागचा भाग कापणं सोपं.

स्टँडचे पाय पूर्ण पसरा आणि मधल्या दांड्याला दोन किलो तांदळाची पिशवी बांधा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानेही वरचा भाग डुलतो. पंखा तसाही बंदच हवा, त्याची घरघर माइकमध्ये येते. लाइट यूएसबीवर चालतो ही मोठी सोय आहे. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तरी १०,००० एमएएचच्या पॉवर बँकवर अडीच तास सहज निघतात.

आवाजाला हा संच काहीच मदत करत नाही. भरत नाट्य मंदिर किंवा बालगंधर्व रंगमंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असलेल्यांनी पट्टी मुद्दाम खाली आणावी, नाहीतर मोठ्याने म्हटलेल्या वाक्यावर माइकमध्ये आवाज फाटतो. खोली घुमत असेल तर फ्रेमबाहेर दोन खुर्च्यांवर गोधड्या टाका. गणपतीआधी ढोलपथकांचे सराव संध्याकाळी असतात, तेव्हा टेप सकाळीच उरका.

व्हिडिओ १०८०पी रिझोल्यूशनमध्येच काढा. आयफोनवर मिनिटाला ६० ते १३० एमबी होतात आणि जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, म्हणजे मेलला जोडून जात नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणूनच, व्हिडिओ म्हणून पाठवलं की चेहरा पिठासारखा होतो.

घ्यायचाच असेल तर दुकानात पैसे देण्याआधी फोन आडवा, लेन्सच्या टोकाशी पकडून लावा. समोरच्या शटरची किंवा कपाटाची कड स्क्रीनच्या कडेशी जुळवून रेकॉर्डिंग सुरू करा आणि पाच मिनिटं थांबा. कड हलली तर होल्डर काढून ठेवायला सांगा आणि त्याचे पैसे कमी करून घ्या.