तलावाकाठचे आठ महिने: तंबू, काठी आणि रीळ

गेल्या ऑक्टोबरात दोन माणसांचा तंबू, सात फुटांची दोन तुकड्यांची गळाची काठी आणि ३००० आकाराचे (मध्यम मापाचे) स्पिनिंग रीळ, म्हणजे गळाची दोरी गुंडाळायची चकरी, मी एकदमच घेतले आणि मेअखेरपर्यंत मालवण तालुक्यात चौदा रात्री त्यांच्यासह काढल्या. मुक्काम धामापूरजवळच्या एका नातेवाइकांच्या काजूच्या बागेत असे. १५३० साली नागेश देसाई यांनी बांधलेल्या धामापूर तलावाच्या काठी भगवतीचे देऊळ आहे, तिथे गळ टाकणे माझ्या मनाला पटत नाही. म्हणून गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बागेखालचे लहान तळे, मालकाची परवानगी घेऊन, निवडले.

परतीच्या पावसात तंबूत थेंबही आला नाही. जानेवारीत मात्र पहाटे अंथरूण ओले होऊ लागले आणि कापड गळते आहे असे मी दोन मुक्काम धरून चाललो. वास्तविक ते आमच्याच श्वासातले बाष्प होते, थंड पडलेल्या बाहेरच्या कापडाला आतून धरलेले. तळ्यालगतच्या सखल जागेत गार, दमट हवा साचते, त्यामुळे तंबू तीसेक पावले वर, झाडाखाली हलवला, दोन्ही बाजूंच्या जाळ्या उघड्या ठेवल्या आणि अंथरूण कोरडे राहू लागले. सोबतच्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या जांभ्यात पहिल्याच दिवशी वाकल्या. लोहाराकडून आठ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी खुंट्या करून घेतल्या, त्या अजून सरळ आहेत.

काठीबद्दल तक्रार नाही. कणकेच्या गोळीवर लागलेला दोन किलोंचा रोहू तिने सहज पेलला. मरळ हवा घ्यायला वर येते, तेव्हा पाण्यावर उठणाऱ्या वलयांवरून तिची जागा कळते; पण तिथेच तांबूस पिल्लांचा पुंजका दिसला तर गळ टाकू नये, कारण पिल्लांची राखण करणारे आईबाप जवळच असतात आणि ते गेल्यावर पिल्लांना इतर मासे सहज खातात.

रिळाचे नुकसान माझ्या हातून झाले, हे सांगायला हवे. फेब्रुवारीत एका संध्याकाळी ते मी कर्लीच्या खाडीत वापरले आणि न धुता पिशवीत टाकले. पंधरवड्यात तंगूस (गळाची दोरी) ज्यावरून फिरतो ती छोटी फिरकी अडकली, स्क्रू गंजले आणि अडकलेल्या फिरकीवर घासून नवा तंगूस तुटू लागला. सुटा भाग बदलल्यावर रीळ चालते, पण पूर्वीचा मऊपणा आला नाही. गोड्या पाण्यासाठी घेतलेले रीळ खाडीवर नेऊच नये, आणि नेलेच तर त्याच रात्री गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा थेंब द्यावा.

पहिल्या पावसात अंडी भरलेले मासे चढणीला लागतात, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात, म्हणून जूनपासून मी गरवणे थांबवले आहे. तंबू मेच्या उन्हात पूर्ण वाळवून, घडी न दाबता सैल कापडी पिशवीत माळ्यावर टांगला आहे, कारण इथल्या पावसाळ्यात घट्ट गुंडाळलेल्या कापडाला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत.