दंडाला पट्टा गुंडाळायचे बीपीचे यंत्र: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आईचा रक्तदाब घरी मोजण्यासाठी गेल्या डिसेंबरात आम्ही डिजिटल यंत्र घेतले, त्याला आता आठ महिने होत आले. घेण्यापूर्वी मी पुष्कळ अभिप्राय वाचले होते, परंतु ते बहुतेक पहिल्या चार दिवसांतच लिहिलेले असल्याने 'आकडे मोठे दिसतात, बटण एकच आहे' यापलीकडे त्यांतून काही हाती लागले नव्हते. म्हणून मुद्दाम थांबून हे लिहीत आहे.

आई ७१ वर्षांची. घर सांगलीच्या गावभागात आणि डॉक्टर मिरजेत. दवाखान्यात बसली की तिचा वरचा आकडा हमखास १६० च्या पुढे जायचा, आणि रिक्षात बसल्यावर ती म्हणायची, "मला तर काहीच होत नाही." डॉक्टरांनी गोळी वाढवण्याआधी घरच्या आठवडाभराच्या नोंदी मागितल्या: सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एकेक मिनिट सोडून, पहिल्या दिवसाचे आकडे हिशेबात न धरता. काही जणांचा दाब दवाखान्याच्या नुसत्या वातावरणाने चढतो, आणि म्हणूनच तिथे १४०/९० ही जी सीमा मानतात ती घरच्या मोजणीला १३५/८५ अशी थोडी खाली धरतात, हे मला तेव्हाच कळले.

पहिला महिना मात्र फुकट गेला आणि त्याला कारण झाला पट्टा. खोक्यातला पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी होता. आईचा दंड शिवणाच्या टेपने मोजला तर ३५ भरला. पट्टा ओढूनताणून बसवावा लागे, हवा भरू लागली की वेल्क्रो करकर आवाज करत सुटू पाहायचा, आणि आकडा यायचा १५८ नाहीतर १६४. पट्टा दंडाला अपुरा असेल तर दाब असतो त्याहून जास्त दिसतो. 'एकच पट्टा सगळ्यांना चालतो' असे सांगून दुकानदाराने तो गळ्यात मारला हे खरे, पण मापे खोक्याच्या बाजूवर छापलेली होती आणि मी ती वाचली नाहीत हेही तितकेच खरे. २२ ते ४२ सेंटिमीटरचा पट्टा वेगळा मागवल्यावर त्याच यंत्रावर, त्याच आईचे आकडे १४० च्या आसपास येऊ लागले. पहिल्या महिन्याची वही डॉक्टरांपुढे तशीच ठेवली असती तर तिला विनाकारण जादा गोळी लागली असती.

यंत्र कसे मोजते हे समजून घेतल्यापासून माझी त्याच्यावरची चिडचिड बरीच कमी झाली. पाऱ्याच्या यंत्रावर डॉक्टर नळीला कान लावून जे आवाज ऐकत, ते कोरोत्कॉफ या रशियन शल्यवैद्याने १९०५ साली सांगितलेले. आपले डिजिटल यंत्र काहीच ऐकत नाही. धमनीच्या ठोक्यांमुळे पट्ट्यातल्या हवेत जी बारीक स्पंदने उठतात ती ते टिपते. ती सर्वांत मोठी होतात तो दाब सरासरीच्या जवळचा मानते आणि वरचा व खालचा आकडा कंपनीच्या स्वतःच्या गणिताने काढते. त्यामुळे मोजताना हात हलला किंवा तोंड सुरू राहिले, तर यंत्राला दोष देण्यात अर्थ नसतो. आमच्याकडे नेमके तेच व्हायचे. आई दिवाणावर पाय लोंबकळत बसायची आणि पट्टा फुगत असतानाच "दूधवाला येऊन गेला का गं?" असे सुनेला विचारायची. आता ती पाठ टेकून खुर्चीत बसते, पावले जमिनीवर ठेवते, हाताखाली चादरीची घडी ठेवून दंड छातीच्या पातळीला आणते आणि पाच मिनिटे गप्प राहते. यातले शेवटचे जमायला दोन महिने लागले.

यंत्राचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते मार्चमध्ये. आईला पहाटे उठल्यावर गरगरू लागले. बसून मोजलेला दाब १३२, म्हणजे उत्तमच. डॉक्टरांनी फोनवर सुचवले, की उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभ्याने आला १०६. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर त्याकडे लक्ष द्यावे लागते, कारण म्हातारी माणसे न्हाणीघराच्या वाटेवर पडतात ती अशीच. डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण बदलले. आम्ही मनाने एकही गोळी कमी-जास्त केली नाही आणि कोणी करूही नये.

घरात यंत्र आहे ही बातमी गल्लीत पसरायला आठवडासुद्धा लागला नाही. संध्याकाळी ओट्यावर चार-पाच जणी जमतात आणि "माझंही बघ की जरा" सुरू होते. समोरच्या मावशी मिसरी लावून थेट येतात, त्यांना अर्धा तास थांबवावे लागते, कारण तंबाखूने तेवढ्यापुरता दाब चढतो, चहाचेही तेच. शेजारच्या अण्णांचे आकडे मात्र पाच मिनिटांत ११८, १४१, १२६ असे आले आणि पडद्यावर ठोके अनियमित असल्याची खूण उमटली. अशा वेळी या यंत्राच्या आकड्यावर फारसा विश्वास ठेवता येत नाही. पण ती खूण पाहून आम्ही त्यांना ईसीजी काढायला पाठवले, त्यात खरोखरच दोष निघाला आणि उपचार सुरू झाले. आता मी ओट्यावर कोणालाही 'नॉर्मल आहे' असे सांगत नाही. आकडा, तारीख आणि वेळ चिठ्ठीवर लिहून देतो, डॉक्टरांना दाखवा म्हणतो.

मिठाचा विषय ओघानेच निघाला. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सगळे मिळून जेमतेम चहाचा एक चमचा. सांगलीत राहून भडंग सोडा असे आईला सांगण्याची माझी हिंमत नाही. डबा मात्र रोजच्या फळीवरून वरच्या फळीवर गेला आहे आणि ताटातले लोणचे रविवारपुरते उरले आहे.

तक्रारीही आहेत. चार पेन्सिल सेल दोन-अडीच महिन्यांत उतरतात आणि सेल बदलले की तारीख-वेळ पुन्हा लावावी लागते, नाहीतर यंत्रातल्या नोंदी निरुपयोगी होतात. अ‍ॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो. मोबाइलला जोडायची सोय दोनदा वापरली आणि सोडून दिली. दोनशे पानी वहीच बरी पडते, डॉक्टरही तीच पटकन चाळतात. मनगटावर बांधायचे यंत्र स्वस्त आणि सुटसुटीत वाटते, पण हात थोडा वर-खाली झाला तरी त्याचा आकडा बदलतो, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. खरेदीपूर्वी आपल्याला हवे ते मॉडेल 'स्ट्राइड बीपी' या तपासलेल्या यंत्रांच्या यादीत आहे का ते पाहावे. यादी फुकट पाहता येते.

जुलैत यंत्र मिरजेला नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहिले, चार अंकांचा फरक निघाला आणि त्यांनी तो चालेल म्हटले. वॉरंटी यंत्राला आहे, पट्ट्याला नाही. ओट्यावरच्या वापराने नव्या पट्ट्याचे वेल्क्रोही एका कडेला धरेनासे झाले आहे, त्यामुळे या महिन्यात दुसरा मागवणार आहे, आणि या वेळी त्याचे पैसे मावशींनी आपणहून आणून दिले आहेत.